एकाहत्तर आंबट माणसं

गिरगाव, ता. ९ जानेवारी १८९५

रमाकांत यास,

पत्राची सुरुवात साष्टांग नमस्काराने करतात, पण तीन वर्षांच्या अबोल्यानंतर एकदम जमिनीवर आडवं होणं माझ्या स्वभावात नाही, हे तू जाणतोस. तेव्हा उभ्याउभ्याच नमस्कार घे. पाकीट न फोडता परत पाठवायचा बेत असेल तर उशीर झाला. तू इथवर वाचलंयस.

भांडण उकरून काढायला लिहीत नाही. पण झालं ते झालं, ते नाकारायचं कशाला? आपण दोघं मिळून वैद्यकातल्या इंग्रजी शब्दांचा मराठी कोश करत होतो, आणि छापखान्यात, मालकासमोर, खिळे जुळवणाऱ्यांसमोर तू म्हणालास, “रघुवीर, तुझं इंग्रजी उत्तम आहे. मराठी तेवढं तुला येत नाही. सुरतेला मामाच्या घरी गाद्यागिर्द्यांवर वाढलास तू.” त्यावर मी ओली प्रुफं गटारात फेकली. फेकायला नको होती. चौदा पानं होती आणि सगळी तू तपासलेली. पण तूही तसं बोलायला नको होतंस. तू इंदूरला मास्तर होऊन गेलास, आणि मी इथेच गाल फुगवून राहिलो.

आता मजा ऐक. मराठी न येणारा तुझा हा मित्र सध्या मराठीच्याच जोरावर पोट भरतो. परळला गिरण्यांच्या मधोमध एका शेटजींनी धर्मार्थ दवाखाना काढलाय, तिथे मी दुभाषी आहे. डॉक्टरांचं नाव हॅलोवेल. लोकांच्या जिभेला ते झेपत नाही, म्हणून अख्खं परळ त्यांना हलवाईसाहेब म्हणतं. साहेबांना वाटतं, हा आपल्या नावाचा शुद्ध मराठी उच्चार असणार. मी खुलासा केलेला नाही.

साहेबांचं सारं लक्ष सांध्यांवर. ते म्हणतात, सांधे सुजवणारे दोन रोग असे आहेत की चांगले चांगले डॉक्टर फसतात. एकात रक्तात एक आम्ल साचतं आणि त्याचे कण सांध्यात जाऊन बसतात. त्याला गाऊट म्हणतात. दुसऱ्यात आम्लबिम्ल काही नाही, तरी बोटं सुजतात, पुढे वाकडी होतात. त्याचं नाव रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, ते अजून विलायतेतल्या डॉक्टरांच्याही तोंडी बसलेलं नाही. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर गुण नाहीच, वर माणूस हैराण. कोणाला कोणता रोग हे ओळखायचं कसं, एवढंच साहेबांचं संशोधन. येत्या १५ मार्चला कोटात, म्हणजे फोर्ट भागात, डॉक्टरांच्या सभेत ते निबंध वाचणार आहेत.

पहिल्याच दिवशी पुतळाबाई नावाची एक बाई आली. मालवणकडची, पस्तिशीची, नवऱ्यामागे एकटी. गिरणीत सूत रिळांवर चढवायच्या खात्यात आहे. तुटलेलं सूत चुटकीसरशी गाठ मारून जोडायचं, हे तिचं काम. हात पुढे करून म्हणाली, “सायबानू, सकाळी उठल्यार हात आंबान गेलेले आसतत. मूठ वळना नाय.”

मी साहेबांना सांगितलं, हिचे सांधे आंबट झालेत.

साहेब खुर्चीवरून उठलेच! “आंबट? हा तिचा स्वतःचा शब्द?” मी म्हटलं, अगदी स्वतःचा. “म्हणजे आम्ल! अडाणी बाईला आपल्या रक्तातलं आम्ल जाणवतंय!” त्यांनी माझा हात धरून हलवला. रमाकांत, आजवर माझ्या भाषांतराला कोणी असा हात हलवला नव्हता. तू तर कधीच नाही.

कळावं, म्हणून कळवलं. उत्तर पाठव असं म्हणत नाही, पण पत्ता वर आहे.

रघुवीर


गिरगाव, ता. ३ फेब्रुवारी १८९५

रमाकांत,

तुझं उत्तर नाही. ठीक. मी एकट्याने बोलायला भीत नाही, हे तुला कोशाच्या दिवसांपासून ठाऊक आहे.

आमचं संशोधन घोड्यावर बसलंय. चौऱ्याऐंशी रोगी तपासले, त्यातले एकाहत्तर सांधे आंबल्याचं सांगतात. साहेबांनी वहीत तक्ता आखलाय आणि त्यातला मधला रकाना निवळ माझा, ‘आंबटपणा’. आता मला फार विचारावंही लागत नाही. माणूस आत आला की मीच म्हणतो, “काय, हात आंबतात ना?” तो म्हणतो, “व्हय.” झालं.

औषध म्हणून सुरंजान नावाच्या कडू कंदाचा अर्क. तो पोट साफ करतो म्हणणं म्हणजे फारच सौम्य बोलणं झालं. शिवाय मासे बंद, आणि आम्लावर उपाय म्हणून जे जे आंबट ते सगळं बंद. चिंच, ताक, कोकम, कैरीची फोडसुद्धा नाही. तू कधी एकाहत्तर कोकणी माणसांना कोकम बंद केलंयस का? करून बघ. एक जण मला रस्त्यात गाठून म्हणाला, “मास्तर, सायबाक विचारा, सोलकढी नको तर मी भात कशाक खातंय?” मी ते भाषांतर केलं नाही.

पुतळाबाई मात्र सगळं पाळते. तिला पाळणं भाग आहे. तिच्या खात्यावर रखमा नावाची नायकीण आहे, म्हणजे बायकांवरची मुकादम. बाई तोंडाची तिखट, पण मनाने वाईट नाही. पुतळाबाईच्या बोटांना गाठी जमेनात, तेव्हा तिने तिला लडी बांधायला बसवलं आणि बजावलं, “नारळी पुनवेपर्यंत थांबतंय. तोपर्यंत गाठी मारूक लागलंस तर रीळ तुजा. नायतर गावाक जा.” गावाला पुतळाबाईचं कोणी नाही. घर होतं ते दिराने घेतलं. तिचे दोन हात आणि ते रीळ, एवढंच तिचं जग आहे. ती रोज मला विचारते, “मास्तरानू, पुनवेक किती दिस रवले?” मी बोटांवर मोजून सांगतो. ती आपली बोटं पुढे करत नाही.

तिची बोटं आहेत तशीच आहेत. साहेब म्हणतात, आम्ल जुनं आहे, वेळ लागेल. साहेब म्हणतात म्हणजे तसंच असणार.

रघुवीर


गिरगाव, ता. २४ फेब्रुवारी १८९५

रमाकांत,

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांनी पहिली ओळ आली ती अशी: “मागील पत्रात ‘निव्वळ’ शब्दात एक ‘व’ गाळला आहेस.” वा! वाचून तुझी वहिनी मीनाक्षी इतकी हसली की तिने ते कार्ड देव्हाऱ्यामागे जपून ठेवलंय. म्हणाली, “भाऊजींचा राग गेला बरं का. रागावलेला माणूस शुद्धलेखन तपासत बसत नाही.”

आज मला जे लिहायचंय ते लिहावंसं वाटत नाही, म्हणून आधी दुसरंच सांगतो.

साहेबांनी निबंधावर कळस चढवायचं ठरवलं. गाऊट ओळखायची एक खात्रीची परीक्षा आहे. रोग्याच्या दंडावर मलमपट्टीने फोड आणायचा, त्यातलं पाणी काचेच्या बशीत घ्यायचं, चार थेंब आम्ल टाकायचं आणि त्यात सुताचा धागा सोडून दोन दिवस ठेवून द्यायचा. रक्तात ते आम्ल असेल तर धाग्यावर बारीक खडे धरतात. परीक्षेचा मान पुतळाबाईला. बशीत दोरा सोडलेला पाहून ती मला म्हणते, “हलवाईसायब खडीसाखर करतो काय?” आपल्याकडे खडीसाखर दोऱ्यावरच धरतात, नाही का! मी हसू दाबलं. साहेबांनी विचारलं काय म्हणते, तर म्हटलं, आपल्या शास्त्राचं कौतुक करते.

दोन दिवसांनी भिंगातून पाहिलं. दोरा कोरा. साहेब म्हणाले, दोरा खराब. पुतळाबाईला राग आला. बाकी काहीही म्हणा, पण सूत तिला कळतं. दुसऱ्या दिवशी गिरणीतून निवडून उत्तम धागा घेऊन आली. पुन्हा फोड, पुन्हा बशी, पुन्हा दोन दिवस. धागा पुन्हा कोरा. ती खुशीत म्हणाली, “सायबानू, तुमची साखर धरना नाय.” साहेब मात्र विचारात पडले. त्यांना आपल्या आम्लाचा संशय आला, बशीचा आला, मुंबईच्या हवेचा आला. फक्त माझा आला नाही. त्यांनी सुरंजान दुप्पट केलं.

आता खरं ते लिहितो.

आज दुपारी घरी पापड होते. शेजारच्या बायका जमल्या होत्या. मीनाक्षीने उडदाचं पीठ कुटलं, मळलं, लाट्या केल्या, मग भिंतीला टेकून हात झटकत म्हणाली, “बाई गं, हात आंबले माझे.”

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. विचारलं, “आंबट लागतात?”

“काय?”

“हात. आंबट झालेत?”

रमाकांत, त्या बायकांना जे हसू फुटलं ते सांगता सोय नाही. एकीने लाटणं टाकलं. मीनाक्षी डोळे पुसत म्हणाली, “अहो, हात काय लोणचं आहेत आंबट व्हायला? काम करून अंग ताठतं, जड होतं, ठसठसतं, त्याला आंबणं म्हणतात. तुमचं कधी आंबलंय कुठे, तुम्हाला कळायला!”

पीठ आंबतं, ताक आंबतं, तेवढंच मला माहीत होतं. हाडामांसाचा माणूस आंबतो हे माझ्या कानावरून शंभरदा गेलं असेल, पण आत कधी शिरलंच नाही. मामाकडे सुरतेला पाण्याचा तांब्यासुद्धा नोकर हातात द्यायचा.

एकाहत्तर माणसं, रमाकांत. एकाहत्तर माणसं मला सांगत होती की आमचे हात ताठतात, आणि मी साहेबाला सांगत होतो, हे सगळे आंबट आहेत.

मी अजून काही बोललेलो नाही. सभा तीन आठवड्यांवर आलीय. साहेब इतके आनंदात आहेत. कदाचित आम्ल असेलही. कदाचित तिसरा धागा धरेल.

रघुवीर


गिरगाव, ता. १० मार्च १८९५

रमाकांत,

तुझं दुसरं कार्ड आलं, ते मी खिशात घेऊन हिंडतोय. मायना नाही, सही नाही. नुसतं: “आंबणे. अकर्मक क्रियापद. १. आंबट होणे. २. श्रमाने वा एका स्थितीत राहिल्याने अवयव जड व ताठ होणे. ३. (लज्जेने तोंड) — हा अर्थ कोशात नाही, पण तुझ्यासाठी घालता येईल.”

घाल बाबा. माझं तोंड पुरेसं आंबलंय.

गेल्या सोमवारी पुतळाबाई आली नाही. मंगळवारीही नाही. मी तिच्या चाळीत गेलो. चटईवर पडली होती, तोंड चिमणीएवढं झालेलं. दुप्पट सुरंजानाने तिच्या पोटात पाणी ठरत नव्हतं. मला पाहून उठायला गेली, पण जमेना. “मास्तरानू,” म्हणाली, “सायबाक सांगू नको हां, पन काल मी ती बाटली घेवक नाय. हात बरे होतीत तेवा होतीत, पन तोपर्यंत मी रवाक व्हयी ना!” आणि हसली. वर मलाच चटईवर बसवून शेजारणीकडून गुळाचा खडा मागवला. माझ्यासाठी! मी तो तोंडात टाकला आणि उठलो.

तिथून तडक दवाखान्यात गेलो. साहेब निबंधाची स्वच्छ प्रत करत बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पापड सांगितले, बायकांचं हसणं सांगितलं, आणि नऊ-दहा दिवस गप्प बसलो तेही सांगितलं. नोकरी जाणार हे धरूनच चाललो होतो.

साहेबांनी टाक खाली ठेवला. “किती जण?” “एकाहत्तर, साहेब.” ते उठून व्हरांड्यात गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. गिरणीच्या धुराड्याकडे बघत होते की काय, कोण जाणे. परत आले तेव्हा चेहरा लाल होता. म्हणाले, “धागा दोनदा सांगत होता. बाई रोज सांगत होती. एकाहत्तर माणसं खरं बोलली आणि दोन मूर्खांनी ऐकलं नाही. पूर्ण मूर्ख मी. तू अर्धा.”

मी म्हटलं, “साहेब, मला पूर्णच धरा.”

त्यावर त्यांना हसू आलं. आधी नाकातून, मग मोठ्याने. मीही हसलो. खोटं कशाला सांगू, हसता हसता रडलो. साहेबांनी सभेला चिठ्ठी पाठवून निबंध पुढे ढकलला आणि सुरंजानाच्या बाटल्या कपाटात मागे सरकवल्या. मग मला शिक्षा सुनावली: जो शब्द मला अंगाने माहीत नाही, तो आधी अंगाने शिकायचा.

म्हणून काल मी पापडांचं पीठ कुटलं. दोन पायली! मीनाक्षी समोर पाटावर बसून देखरेख करत होती आणि थांबलो की म्हणत होती, “साहेबांना कळवू का?” आज सकाळी उठलो तर खांद्यापासून मनगटापर्यंत दोन्ही हात लाकूड. चहाची बशी तोंडाशी जाईना. रमाकांत, माझे हात आंबले! पस्तीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा आंबले! मी तसाच ओरडलो, तर शेजारचे लोक धावत आले.

हे अक्षर वेडंवाकडं दिसतंय ते म्हणूनच. पत्रात किती चुका आहेत ते कळव.

तुझा,
रघुवीर


गिरगाव, ता. १४ एप्रिल १८९५

प्रिय रमाकांत,

या खेपेला कार्ड नव्हे, चक्क पाकीट! आत बावीस शब्द, तू तुझ्या आईंना विचारून विचारून लिहिलेले: ठणकणं, ठसठसणं, कळ येणं, चमक भरणं, अवघडणं, शिणणं, भरून येणं... आणि प्रत्येकापुढे तो कधी म्हणतात ते. साहेबांनी तो कागद भिंतीवर लावलाय. तुझ्या आईंना म्हणावं, त्यांचं काम आता परळच्या दवाखान्यात औषधांच्या बाटल्यांच्या वर टांगलंय.

आम्ही चौऱ्याऐंशींच्या चौऱ्याऐंशी रोग्यांना परत बोलावलं. या वेळी मी कोणाच्या तोंडात शब्द घातला नाही. विचारलं, “काय होतं?” आणि गप्प बसलो. गप्प बसणं हे दुभाष्याचं अर्धं काम आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तूही नाही.

खरी गुरू निघाली पुतळाबाई. सुरंजान थांबल्यावर चार दिवसांत उठून बसली. मी तिला माझ्या आंबलेल्या हातांची कथा मोठ्या ऐटीत सांगितली, तर मला म्हणाली, “तुमचा येगळा, माजा येगळा. तुमी काम केलास म्हणान आंबलास. मी निजान उठतंय तेवा आंबतंय. तुमका आराम केल्यार बरा वाटता, माका काम केल्यार.”

मी हे शब्दाला शब्द लावून साहेबांना सांगितलं. साहेबांनी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग तिसऱ्यांदा. तिला वाटलं आपलं काही चुकलं. चुकलं कसलं! रोगाची खूण तिने हातावर आणून ठेवली होती. माझा रकाना साहेबांनी खोडला आणि नवा आखला, त्याचं नाव ‘मूठ कधी वळते’. या लोकांकडे घड्याळ नाही, पण गिरणीचा भोंगा आहे. कोणी सांगतो, पहिल्या भोंग्याला बोटं लाकूड, दुसऱ्या भोंग्याला जरा सैल, सूर्य धुराड्यावर आला की मूठ वळते. साहेब तेच लिहितात, भोंग्यासकट.

असं करता करता सगळी गर्दी आपोआप वेगळी झाली. पाच जणांचा पायाचा अंगठा रात्री ‘ठणकतो’, एकच, आणि चादर लागलेली सहन होत नाही. त्यांच्या धाग्यांवर खडे धरले, रमाकांत! खरोखर खडीसाखरेसारखे. त्यांचं सुरंजान चालू ठेवलं. एकोणीस जण पुतळाबाईच्या जातीचे. सकाळी आंबलेले, दोन्ही हात सारखे सुजलेले, धागे कोरे. काहींचं काय ते साहेबांना अजून उमगलेलं नाही, आणि त्यांनी तसंच लिहून ठेवलंय. उरलेले बहुतेक नुसते कामाने दमलेले. त्यांच्यापुढे साहेबांनी लिहिलं, ‘औषध नको. विश्रांती हवी.’ ती कोणत्या कपाटात मिळते, हे मात्र त्यांना सांगता येईना.

एकोणीस जणांना आता दुखणं हलकं करणारं सॅलिसिलेटचं पाणी, सकाळी तापलेल्या वाळूच्या पुरचुंडीचा शेक आणि सकस खाणं. कोकम सुटलं! त्या दिवशी दवाखान्यात जो आरडाओरडा झाला तो तू ऐकायला हवा होतास. आणि वर रोज दोन चमचे तेल, मुशी माशाच्या काळजाचं. पुतळाबाईने वास घेतला आणि कपाळावर हात मारला. “मासो खाव नको म्हणालो. आता म्हणता माशाचा त्याल पी! ह्यो सायब शाळेत गेल्लो काय?” हे मी पूर्ण भाषांतर केलं. साहेब म्हणाले, “तिला सांग, गेलो होतो, पण तिथे ती शिकवायला नव्हती.”

पुनवेला अजून पावणेचार महिने आहेत. ती आता दिवस विचारते तेव्हा डाव्या हाताची बोटं माझ्यासमोर धरून मोजते. तीन दुमडतात.

तुझा,
रघुवीर


गिरगाव, सोमवार, ता. २९ जुलै १८९५

प्रिय रमाकांत,

हे पत्र लांबणार. चहा घेऊन बस.

शुक्रवारी कोटात सभा झाली. तीसचाळीस डॉक्टर, त्यातले बरेचसे गोरे, काही आपले. साहेबांनी निबंध वाचला आणि पहिल्याच पानावर, सगळ्यांसमोर, आमची चूक वाचली. एकही ओळ गाळली नाही. भर सभेत ‘आंबलेत’ हा शब्द उच्चारला, तो ‘ॲम्बुलेट’ असा ऐकू आला. मी मागे भिंतीशी उभा होतो. मला वाटलं होतं लोक हसतील. थोडे हसलेही. पण पुढच्या रांगेतला एक म्हातारा डॉक्टर हळूच शेजाऱ्याला म्हणाला, “मी वीस वर्षं हेच करत असेन,” आणि मग कोणी हसेना.

शेवटी साहेबांनी पुतळाबाईला पुढे बोलावलं. नवं लुगडं नेसून आली होती, घाबरलेली मुळीच नव्हती. साहेबांनी सुताचा धागा तोडून दोन टोकं तिच्या हातात दिली. तिने टोकं बघितली, साहेबांकडे रागाने बघितलं, कारण सूत भिकार होतं, आणि गाठ मारली. इतकी चटकन मारली की मागच्या रांगेला काही दिसलंच नाही. लोक ओरडले, पुन्हा! तिने सात वेळा मारली. उजवी करंगळी वाकडी आहे ती तशीच राहणार, आणि दुखणं थंडीत परत डोकं वर काढेल असं साहेब स्पष्टच म्हणाले. पण गाठ बसली, रमाकांत, सातही वेळा.

मग त्या म्हाताऱ्या डॉक्टरने मला सांगितलं, हिला विचारा, आता हातांना कसं वाटतं.

मी विचारलं. ती म्हणाली, “आता मी हात इसारलंय.”

माझ्या जिभेवर भाषांतर तयार होतं: ही म्हणते, मी माझे हात विसरले. तोंड उघडलंसुद्धा. आणि वाटलं, डॉक्टर याचा काय अर्थ घेतील? हात बधिर झाले? संवेदना गेली? यावरून ते भलताच रोग काढतील, महारोगसुद्धा. सगळी सभा माझ्याकडे बघत होती. साहेब बघत होते. मी तोंड मिटलं, तिच्याकडे वळलो आणि म्हणालो, “पुतळाबाई, विसरले म्हणजे काय, ते मला नीट सांगा. मला कळलं नाही.”

भर सभेत तसं म्हणायला मला लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही.

ती म्हणाली, “अरे बाबा, दुकता तेवाच हात आठवतत. पयली उठल्यापासना निजासर माका हातच आठवत होते. आता दिसभर काम करतंय, आनी हात खंय आसत ता ध्यानातच येना नाय.”

मग मी ते सांगितलं, सगळं, घाई न करता. साहेबांनी चष्मा काढून पुसला. तो म्हातारा डॉक्टर मला म्हणाला, “हिचे शब्द मला लिहून द्या. मराठीत द्या.” मी दिले. तुझ्या धाकाने शुद्धलेखन दोनदा तपासलं.

आणि आता आजची गोष्ट. शनिवारी रखमाने पुतळाबाईची परीक्षा घेतली आणि पुनवेच्या आठ दिवस आधीच रीळ तिच्या हवाली केलं. आज तिचा पहिला दिवस. दवाखान्याच्या खिडकीतून गिरणीचा दरवाजा दिसतो. आज साहेब न सांगता पहाटेच येऊन खिडकीशी उभे होते. मीही लवकर गेलो होतो. काम आहे असं आम्ही दोघंही एकमेकांना सांगत होतो.

पहिला भोंगा झाला. बायकांचा लोंढा आला, त्यात ती होती. शेजारणीशी कसल्या तरी भांडणाच्या गप्पा रंगल्या होत्या, हातवारे चालले होते, दोन्ही हातांनी. सहा महिने जी बाई रोज या दारात थांबली, ती दारावरून गेली आणि तिने आत बघितलंसुद्धा नाही.

साहेबांनी विचारलं, “तिने आपल्याला पाहिलं का?”

मी म्हटलं, “नाही साहेब. विसरली.”

साहेब म्हणाले, “उत्तम,” आणि इतके खूश झाले की मला आठवड्याची सुट्टी देऊन टाकली. मी इंदूरचं तिकीट काढलंय. गुरुवारी येतो. मला लिहायला एक मेज आणि तुझी दौत लागेल, आणि कोशाची पहिली चौदा पानं मी लिहीन.

तुझा,
रघुवीर